चौसष्टची खेप

ऑफिसात थोरल्याला ‘कंजूष’ म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडे. तो पैशाचा नव्हे, वेळेचा कंजूष होता. त्यांची कंपनी लाकूड कापणाऱ्या यंत्रांना सुरक्षेचा मेंदू बसवून द्यायची. पात्यासमोर प्रकाशाचा न दिसणारा पडदा असे. त्यात हात शिरला की पडदा आकडे धाडी, व्हेक्टर प्रोसेसर ते वाची आणि वरून उतरणारं पातं जागच्या जागी थांबवी.

हा प्रोसेसर एका दमात चौसष्ट आकडे उचलायचा. खेपेत चौसष्ट असोत की चार, वेळ मात्र तेवढाच लागायचा. म्हणून थोरल्याने सुरुवातीला शहाण्यासारखा नियम घातला होता: खेप भरली की सोडायची, आणि नाहीच भरली तर क्षणभर वाट बघून अर्धीच सोडायची. पण या अर्ध्या खेपा त्याच्या डोळ्यांत सलत. त्यात एके दिवशी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “दुसऱ्या कंपनीचं यंत्र आपल्यापेक्षा वेगवान आहे म्हणे. म्हातारा कोण झालाय, आपला प्रोसेसर की तुम्ही?”

थोरल्याला ते झोंबलं. जेवणाचा डबा न उघडता तो बसला आणि अर्ध्या खेपेच्या त्या दोन ओळी उडवून मोकळा झाला. आता भरली तरच सोडायची. चाचणीच्या टेबलावर आधी साठवलेले आकडे नळासारखे धो धो वाहत, त्यामुळे खेप भरायला उशीर तो कसला. वेग नऊ टक्क्यांनी वाढला. साहेबांनी पाठ थोपटली, आणि घरी गेल्यावर थोरल्याने ती गोष्ट बायकोला दोनदा ऐकवली.

हा नवा मेंदू ज्या कारखान्यात बसवला, तिथला पडदा मात्र नळासारखा वाहत नव्हता. काही हललं तरच तो आकडे धाडी. सगळं स्थिर असलं की मूग गिळून बसे. थोरल्याला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही. नऊ टक्क्यांच्या नादात त्याला ते आठवलं नाही, इतकंच.

आणि त्याच कारखान्यात त्याचा सख्खा धाकटा भाऊ कामाला होता. थोरल्यानेच शब्द टाकून त्याला चिकटवलं होतं. “यंत्रात डोकं माझं आहे, तुला ओरखडासुद्धा येणार नाही,” असं वर सांगितलंही होतं.

मंगळवारी दुपारी फळी सरळ करताना धाकट्याचा हातमोजा लाकूड पकडून धरणाऱ्या शिकंज्यात सापडला आणि हात फळीवर जागच्या जागी दाबला गेला. पुढचं सगळं थोरल्याने दुसऱ्या दिवशी यंत्राच्या नोंदीत वाचलं. हात शिरताना एक्केचाळीस आकडे आले होते. मग हात अडकला, हलायचा थांबला, आकडेही थांबले. खेपेला तेवीस कमी पडत होते. प्रोसेसर वाट बघत बसला आणि पातं खाली आलं. चार बोटं शिकंज्यात सोडून धाकट्याने उरलेला हात ओढून घेतला, तेव्हा पडदा हलला, तेवीस आकडे आले, खेप भरली आणि पातं थांबलं. अगदी झटकन थांबलं. नऊ टक्के लवकर.

थोरला स्वच्छतागृहात जाऊन ओकला. परत आला तर साहेब त्याच्याच खुर्चीत बसले होते.

“नोंद आपल्याकडेच आहे,” साहेब मऊ आवाजात म्हणाले. “अजून कोणी मागितलेली नाही. पडद्याची कळ चालू करायला विसरलो, असं तुमच्या भावाने लिहून दिलं की कोणी मागणारही नाही. नाहीतर त्या दोन ओळी कोणी उडवल्या, ते मला सांगावं लागेल. भाऊ तुमचा आहे. तुमच्याइतकं त्याला कोण समजावणार?”

थोरल्याला आधी राग आला, मग घाम आला, आणि मग साहेबांनी दिलेला कागद खिशात आला.

इस्पितळात धाकटी भावजय नवऱ्याला चमच्याने भरवत होती. थोरल्याला बघून तिने पदर सावरला आणि स्टूल पुढे सरकवलं. त्याने कागद वाचून दाखवला. स्वतःचाच आवाज त्याला किळसवाणा वाटला, पण तो थांबला नाही.

“कळ मी चालू केली होती, दादा,” धाकटा म्हणाला. “रोज करतो. तूच शिकवलंस.”

“रोज करतोस म्हणूनच केल्यासारखं वाटतंय. त्या दिवशी राहिली.”

धाकट्याने तोंडाशी आलेला चमचा बाजूला सारला. “पण मी हात काढल्यावर पातं थांबलं. मी बघितलं ना. कळ बंद असती तर ते थांबलं असतं का?”

दहावीला दोनदा बसलेल्या या पोराने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. दुसऱ्या कुणी हा प्रश्न विचारला असता तर थोरल्याने त्याला कंपनीत घेतलं असतं. भावाला मात्र त्याने लहानपणी पाढे चुकल्यावर काढायचा तोच आवाज काढला.

“शेजारच्याने मुख्य बटण दाबलं म्हणून थांबलं. तू शुद्धीवर तरी होतास का? उगाच भलतंसलतं बोलशील आणि सगळ्यांना गोत्यात आणशील.”

धाकट्याने बायकोकडे बघितलं.

“भाऊजी कशाला खोटं सांगतील?” ती म्हणाली. “एवढ्या वेदनेत काय आठवणार तुम्हाला?”

“तेही खरंच,” धाकटा म्हणाला. “मला नीट आठवत नसेल.”

उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. धाकटीने कागद ताटलीवर धरला, थोरल्याने त्याच्या डाव्या हातात पेन दिलं, आणि अक्षर फारच वेडंवाकडं जायला लागलं तेव्हा मनगटही धरलं. सही पुरी व्हायला पाच मिनिटं लागली. धाकट्याच्या कपाळावर घाम जमला होता.

“दादा,” त्याने भीत भीत विचारलं, “माझ्या चुकीमुळे तुझ्या नोकरीवर तर काही येणार नाही ना?”

थोरल्याने कागदाची घडी घातली. “मी बघतो,” तो म्हणाला. “तू नको काळजी करूस.”