पंचफुला भासऱ्याशी बोलली

हे दोन हजार तेवीस सालचं. तुळशीची लग्नं आटोपली होती, समुद्रपुरात थंडी उतरली होती, आणि माझी धाकटी भावजय पंचफुला तिच्या भासऱ्याच्या अंगणात, पदर कपाळापर्यंत ओढून, गाईकडे तोंड करून उभी होती. तिला भासऱ्याकडून एक वस्तू हवी होती. ती मागायला तिनं मला सोबत आणलं होतं.

"अक्का, भासऱ्यायले सांगा," ती गाईला म्हणाली, "सकाळी परसाकडे जातीन तं थोडं या डबीत पायजे."

भासरा म्हणजे माझा मधला भाऊ बापूराव. तो चार हातांवर खाटेवर बसला होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. तरी मी त्याला ते पुन्हा सांगितलं. आमच्याकडची रीतच तशी. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी सरळ बोलत नाही. पंचफुला लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा एक शब्दही थेट त्याच्यापर्यंत गेला नव्हता. निरोप जायचे ते माझ्यामार्फत, पोरांमार्फत, कोणीच नसलं तर गाईमार्फत.

"अक्का, तिले म्हना," बापूराव मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "वावर वाटून घेतलं, विहीर वाटून घेतली. आता हेबी वाटून पायजे का?"

मी तोंड उघडायच्या आत पंचफुला गाईला म्हणाली, "वाटून नोको म्हना. चमचाभर पुरते."

मला हसू आवरेना. सत्तरी उलटल्यावर माणसाला वाटतं, आता नवं काही बघायचं उरलं नाही. मी मात्र त्या अंगणात पोरीसारखी हसत होते.

आता मागचं सांगते. आम्ही देवकाबाईची तीन लेकरं. मी थोरली धुरपता, गावातच दिलेली, किराणा दुकानदाराची विधवा. माझ्यानंतर बापूराव आणि शेवटचा मधुकर. दोघे भाऊ भाजीपाला करायचे. एकाच विहिरीवर दोघांच्या पाण्याच्या पाळ्या होत्या. एका उन्हाळ्यात मधुकरनं बापूरावची पाळी घेतली आणि त्याची फुलकोबीची रोपं वाळली. तेव्हापासून एका भिंतीच्या दोन बाजूंना राहून दोघे बोलत नव्हते.

त्या पावसाळ्यात मधुकरचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. सेवाग्रामच्या दवाखान्यात कळलं की लिव्हरमध्ये गाठ आहे, मोठी, कापता येण्यासारखी नाही. मुळाशी ‘बी’ प्रकारची कावीळ. आईकडून जन्मतानाच आलेली असावी, असं डॉक्टर मंजुषा म्हणाल्या. त्या मूळच्या अल्लीपूरच्या, म्हणून आमच्याशी आमच्याच बोलीत बोलायच्या.

"हा विषाणू चाळीस-पन्नास वर्षं गपचूप बसून राह्यते," त्यांनी पंचफुलाला आणि मला समजावलं. "पन सगळ्यायले कॅन्सर होत नाई. एका घरातल्या एकाले होते, दुसऱ्याले नाई. काऊन, ते शोधून राह्यलो आमी. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू असते. कामाचेबी, उपद्रवीबी. अन् आतड्यातलं रक्त पहिले लिव्हरमध्येच जाते."

पंचफुलानं विचार केला. "म्हंजे वरच्या वावरातलं पानी खालच्या वावरात."

"हाव. वरच्या वावरात जे हाये त्याचं खालच्या वावरात काय होते, एवढंच पाह्यचं हाये, म्हनून तिघा भावंडायचं परसाकडचं थोडं थोडं डबीत पायजे. अजून पक्कं काईच नाई." मग त्यांनी बजावलं, "अन् याचा मधुकररावायले काई फायदा होनार नाई. हे आताच सांगून देते. हे पुढच्या लोकायसाठी. पन भावाबहिनीचं रक्त तपासा, ते त्यायच्या स्वतःसाठी. आताच तपासा."

माझं रक्त त्याच दिवशी घेतलं. माझ्यात काही निघालं नाही. आईला ते माझ्यानंतर लागलं असेल. बापूरावला मी तीनदा सांगून पाहिलं. "मले काय धाड भरली? आजबी पोतं उचलतो मी," एवढंच त्याचं उत्तर. मधुकर त्याच्याशी बोलत नव्हता आणि पंचफुलाला बोलायची सोय नव्हती.

म्हणून ती अंगणात आली होती. आणि बापूराव हसून विषय उडवणार एवढ्यात तिनं गाईच्या मानेवर हात ठेवून सांगितलं, "अक्का, भासऱ्यायले सांगा, दोघा भावायचं तिथं रक्तासकट जुळवून पाह्यल्याशिवाय डॉक्टरीन औषध देत नाई म्हनते. ह्यायचा जीव त्या डबीवर अडकून हाये."

मी तिच्याकडे बघतच राहिले. डॉक्टरांनी नेमकं उलटं सांगितलं होतं आणि ते ऐकायला मी तिच्या शेजारीच होते. पण पदराआडून तिचा एक डोळा माझ्यावर रोखलेला होता. मी बापूरावकडे वळले आणि तो निरोप शब्दाला शब्द पोचवला.

बापूरावनं खाटेची सैल झालेली सुंभाची दोरी ओढून घट्ट केली.

"बस किती वाजता हाये, इचार तिले," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही चौघं स्टँडवर. तिघा भावंडांच्या तीन डब्या पंचफुलाच्या भाजीच्या टोपलीत, भोवती कुल्फीवाल्या हिरालालकडचा बर्फ, वरून ओला बारदाना आणि त्यावर पालकाच्या जुड्या. बर्फ टिकावा म्हणून तो पालक, पण दिसायला टोपली अगदी बाजाराला निघाल्यासारखी. गाडी भरलेली होती. मधुकरला खिडकीशी बसवलं, त्याच्या शेजारी जागा होती ती बापूरावला मिळाली. दोघे दोन दिशांना तोंडं करून बसले.

हिंगणघाटच्या अलीकडे एक बाई चढली. टोपलीजवळ उभी राहिली आणि वाकून पालक चाचपू लागली.

"कशी देली व जुडी?"

पंचफुलानं टोपली पायांशी ओढून घेतली. बाईनं एक जुडी उचललीसुद्धा. "खालची दाखव. खालची ताजी असते."

"बाई," बापूराव गंभीरपणे म्हणाला, "खालचा माल इकाचा नाई. घरचा हाये."

मधुकरच्या तोंडून फसकन हसू निघालं. आजारी माणूस, हसताना त्याचं पोट दुखत होतं, एका हातानं त्यानं ते दाबून धरलं आणि तरी हसत राहिला. बापूरावनं आधी ओठ आवळले. मग तोही सुटला. बाई आम्हा सगळ्यांना वेड्यात काढून पुढं सरकली. हसून झाल्यावर बापूरावनं भावाच्या गळ्याभोवतीचा मफलर नीट केला. मी खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बघितलं, कारण मला डोळे पुसायचे होते आणि कुणी ते बघायला नको होतं.

दवाखान्यात डॉक्टर मंजुषांनी बापूरावला खुर्ची दिली. कागदावर सही घेण्याआधी सगळं समजावून सांगणं त्यांचं कामच होतं.

"तुमी आले, लय चांगलं केलं, काका. पन एक समजून घ्या. याचा तुमच्या भावाच्या इलाजाले उपयोग नाई. देनं न देनं तुमच्या मर्जीवर."

बापूरावची मान हळूहळू माझ्याकडे वळली. "अक्का, ही काय म्हनून राह्यली?"

तो उठला. टोपी डोक्यावर घातली. "मले खोटं बोलून आनलं. एवढ्या दुरून." बाकावर बसलेल्या मधुकरनं खाली बघितलं. रक्त घ्यायची सुई टेबलावर तयार होती आणि बापूराव दाराकडे निघाला होता. तो त्या दारातून गेला असता तर पुन्हा आला नसता, हे त्या खोलीत आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"बसा जी खाली."

मला आधी कळलंच नाही कुणाचा आवाज. पंचफुला दारात आडवी उभी होती. पदर खांद्यावर घसरला होता आणि तिनं तो सावरला नव्हता. ती सरळ बापूरावच्या तोंडाकडे बघत होती.

"खोटं बोलली मी. खरं सांगतलं असतं तं आले असते का तुमी? एक मानूस माया डोळ्यापुढं चालला. दुसरा मी जाऊ देत नाई. हात पुढं करा."

डॉक्टर अल्लीपूरच्या, त्यांना कळलं काय घडतं आहे ते. बापूराव तिच्याकडे बघत होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड दिसल्यासारखा. मग तो मागं आला, खुर्चीत बसला आणि सदऱ्याची बाही वर केली.

रक्त घेऊन झाल्यावर डॉक्टरांनी हळूच विचारलं, "अन् डबीचं काय करू, काका?"

"ठेवून घ्या," बापूराव म्हणाला. "बसमधून आनली. वापस कुठं नेऊ?"

बापूरावच्या रक्तात विषाणू निघाला. सोनोग्राफीत बोराएवढी गाठही निघाली. दुखत नव्हती, खुपत नव्हती. नागपूरला सुई घालून ती जाळली. विषाणूवरच्या गोळ्या तो आता रोज घेतो आणि पोतं उचलायची बढाई मारत नाही.

मधुकर होळीपर्यंत होता. त्या शेवटच्या महिन्यांत बापूराव रोज संध्याकाळी त्याच्याकडे येऊन बसायचा. दोघे त्या फुलकोबीवरून भांडायचे. नीट, मनसोक्त, मधले सगळे उन्हाळे भरून काढत. मधुकर गेला तेव्हा त्याचं डोकं थोरल्याच्या मांडीवर होतं.

डॉक्टर मंजुषा पुढं शिकायला दूर गेल्या. जाण्याआधी त्या सांगून गेल्या, दोघा भावांचे जंतू बरेच वेगळे निघाले, पण जंतूंनी आजार वाढवला की आजारानं जंतू बदलले, हे एका घरावरून ठरत नाही. अशी शेकडो घरं लागतील. आमच्या डब्यांतलं मात्र तिथं बर्फात जपून ठेवलंय. माझी नातवंडं हे ऐकून नाक मुरडतात. मला तर अजून त्याचा अभिमान वाटतो.

मी आहे तशी आहे, दुकानाच्या गल्ल्याशी बसते, गुडघे तेवढे बोलतात.

पंचफुला मधुकरच्या वाट्याचं वावर स्वतः करते. भासऱ्याशी त्या दिवसानंतर ती पुन्हा बोललेली नाही. पदर परत कपाळावर आला आणि निरोप गाईकडून जायला लागले. दर सहा महिन्यांनी बापूरावला उपाशीपोटी सेवाग्रामला जायचं असतं, पहिल्या गाडीनं. त्या दिवशी मी तिच्याकडे गेले की चूल थंड असते. भाजी निवडत ती उंबऱ्यात बसलेली असते. जेवली नाहीस का, विचारलं की म्हणते, "आज भूकच नाई, अक्का." संध्याकाळची गाडी येते, पलीकडे बापूरावच्या खाकरण्याचा आवाज होतो, आणि मग ती उठून चुलीत काडी घालते.