पोळ्याचा शुक्रवार

टाचेच्या भेगेत अडकलेला बेगडाचा तुकडा निघता निघत नव्हता. गुलाबी, नखाएवढा, एका कडेनं कुरतडलेला... कस्तुराबाईनं पाय मांडीवर ओढून तो खरवडला, तर अर्धा हाती आला आणि अर्धा तिथंच चमकत राहिला. सकाळी तिच्या नवऱ्यानं, जगदेवरावांनी, माळ्यावरचं गाठोडं खाली घेतलं होतं, अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि त्यातून बैलांच्या झुली, गोंडे, घुंगरांच्या माळा आणि हा जुना बेगड अंगणभर सांडला होता. विचारलं होतं का कुणाला? पण विचारायचं कशाला. घरात सगळ्यांना वाटत होतं की कस्तुराबाईनं मनाशी केव्हाच ठरवून टाकलंय, आता फक्त तोंडानं म्हणायचं बाकी आहे.

आणि म्हणायचं म्हणजे तरी काय, दोन शब्दांतला एक शब्द. बुधवार, की शुक्रवार.

सून वैजयंतीचे दिवस भरत आले होते. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर राहिलेलं मूल, आणि तेही पोटात उभं, डोकं वर आणि पाय खाली. रिसोडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कळांची वाट बघायची नाही, ऑपरेशन करू. बुधवारी करू नाहीतर शुक्रवारी, सोमवारी संध्याकाळपर्यंत फोन करून सांगा. आज सोमवार होता. शुक्रवारी पोळा.

"आई, तुमी सांगा," परत येताना जीपमध्येच वैजयंती म्हणाली होती. "तुमी म्हनान तो दिवस. मले दोनी सारखेच."

चांगली पोर आहे. वाईट असती तर किती बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते मी.

तशी गोष्ट सरळ होती. ज्या सणाला घरातलं माणूस जातं, तो सण त्या घराला मोडतो. मग त्या दिवशी चुलीवर कढई चढत नाही, पुरण शिजत नाही, आणि पुन्हा त्याच सणाला घरात मूल जन्मलं किंवा गोठ्यात गाय व्याली तरच तो सण घरात परत येतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या सासरी-माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं तसं तिलाही होतं. अकरा वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी पवन गेला, तिचा थोरला, एकोणीस वर्षांचा, कावीळ पोटात शिरून. आणि या घराचा पोळा मोडला. आता धाकट्या हरीओमला मूल होणार, आणि देवानं — की डॉक्टरीणबाईंनी — नेमका तोच दिवस हातावर आणून ठेवला. दुसरी एखादी असती तर नारळ घेऊन मारुतीकडे धावली असती.

मग आपण का धावत नाही... उपासानं सुचत नसेल. श्रावणातला शेवटचा सोमवार, सकाळपासून दोन घोट चहा. ती उठली, बेलाची पानं निवडायला बसली, त्रिदळांतली किडकी बाजूला काढता काढता चांगलीच किडक्यांत टाकत सुटली, आणि ते लक्षात आल्यावर सगळी पुन्हा एकत्र करून पहिल्यापासून निवडू लागली. तेवढ्यात शेजारची सोजरबाई आली, बेल मागायला म्हणून; पण बेल तिच्या स्वतःच्या दारात होता.

"यंदा माह्या घरून पान येनार नाई बरं का," सोजरबाई ओट्यावर बूड टेकवत म्हणाली. अकरा वर्षं दर पोळ्याला तीच पुरणपोळीचं ताट पदराखाली झाकून मागच्या दारानं आणून द्यायची. "आता तूच मले पाठवजो. आन तूप हात सोडून वाढजो, तुह्या हाताले लय कंजूशी हाय."

"अजून ठरलं नाई काई."

"ठरा काय लागते त्यात? देव देऊन राह्यला न तू म्हन्तं ठरलं नाई!"

"विहीनबाई म्हन्तात आवसेचं लेकरू नको."

हे ती इतक्या सहज म्हणाली की तिलाच दचकल्यासारखं झालं. खोटं नव्हतं ते. कारंज्याहून वैजयंतीच्या आईचा खरंच फोन आला होता, पोळा म्हणजे अमावस्या, अमावस्येला जन्मलेल्या मुलाची शांत करावी लागते, त्यापेक्षा बुधवार बरा. तेव्हा कस्तुराबाईनं वरवर नाक मुरडलं होतं आणि आत... आत काय झालं होतं? हुश्श झालं होतं. आयतं निमित्त मिळालं होतं. संध्याकाळी एवढंच म्हणायचं, तिच्या आईचं मन मोडू नये, पोर तिची आहे. कुणी बोट ठेवलं नसतं. उलट म्हटलं असतं, कस्तुराबाईचं मन बघा किती मोठं.

मोठं मन! सोजरबाई गेल्यावर ती परातीतल्या पानांकडे बघत राहिली. असंच हुश्श एकदा पूर्वीही झालं होतं. पाच वर्षं झाली असतील, कपिली गाय पोळ्यालाच व्यायला आली होती. दिवसभर सगळे गोठ्याच्या दाराशी, जगदेवराव तर जेवलेसुद्धा नाहीत. आणि ती व्याली दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी. जगदेवराव तडक शेतात निघून गेले होते. तिनं चीक काढून खरवस केला होता आणि त्यात गूळ जास्तच पडला होता. तेव्हा वाटलं होतं की जागरणानं हलकं वाटतंय. जागरणानं कुणाला हलकं वाटतं?

खरं सांगायचं तर मला तो दिवस द्यायचा नाही.

वर्षाला सण काय कमी आहेत. नागपंचमीला दिंड, राखीला नणदा, पोळा गेला की महालक्ष्म्या. सोळा भाज्या, आंबील, दीडशे माणसांची पंगत, पायाला भिंगरी. मग भुलाबाईचा प्रसाद, दसरा, दिवाळीचं तळण, संक्रांतीचे तीळ निवडून डोळे फुटतात, होळीला पुन्हा पुरण, पाडव्याला पुन्हा पुरण. सगळे सण तिनं मनापासून केले होते, श्रद्धेनं केले होते, महालक्ष्म्यांसमोर उभी राहिली की अजूनही तिचे डोळे भरून यायचे. पण त्यांतल्या एकाही सणाला पवनसाठी जागा नव्हती. कशी असणार? कोण जेवलं, कोण राहिलं, मीठ कमी झालं का... मेलेल्या लेकराची आठवण काढायला हात रिकामे लागतात. पितृपंधरवड्यात तिनं एकदा विचारलं होतं, तर जगदेवराव म्हणाले, बाप लेकाचं पान टाकत नाई. आणि विषय संपला. उरला पोळा. त्या दिवशी सगळ्या गावात ढोल, फक्त या घरात शांतता. बैल घरोघर पूजेला जायचे तेव्हा समोरचा मोहनसिंग आपल्या जोडीचं तोंड या दारावरून हळूच पलीकडे वळवायचा. ती पातळ भाकर करायची, कडेला करपवायची, पवनला तशीच लागायची. तेल-तिखट घ्यायची आणि मागच्या ओट्यावर बसायची. कुणी काही मागायचं नाही. कुणी हाक मारायचं नाही.

ढोल मात्र ऐकू यायचा. त्या दिवशीही आला होता... अकोल्याच्या दवाखान्यातून त्याला घेऊन गाडी गावात शिरली तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती, तोरणाखाली सगळ्या गावाचे बैल उभे, झडत्यांची गाणी म्हणणारे ओरडत होते, आणि गाडी बघून एकेक जण गप्प झाला. बैल बाजूला घेतले. वाट दिली. तिच्या मांडीवर पवनचं डोकं होतं, पिवळं. गाडी मारुतीच्या देवळाशी वळली आणि मागून ढोल पुन्हा वाजला. आधी एकच टिपरू, विचारल्यासारखं, मग दुसरं. राग नाही आला. अजूनही येत नाही. वर्षभर वाट बघितलेले बैल, त्यांचा काय गुन्हा? पण तो ढोल पुन्हा सुरू झाला ना, तेव्हाच पवन गेला. तोवर गेला नव्हता. आणि आता आपल्याच अंगणात तो वाजायचा, आपल्याच हातानं बैलांना पुरणपोळी...

पण थांब, बाई. खरं बोलायचं तर पुरतं बोल. पहिली तीन-चार वर्षं रडलीस. मग नुसती बसायचीस. गेल्या वर्षी तर त्या ओट्यावर भिंतीला डोकं टेकून तुझा डोळा लागला होता, चांगला तासभर, आणि जाग आली तेव्हा बरं वाटलं होतं. वर्षातून एक दिवस कामाला सुट्टी. मग तू राखतेस काय, लेकाला की तुझ्या सुट्टीला? हा प्रश्न तिच्या मनात असा आला की ती जागची उठलीच, आणि उठली तर कशाला उठले ते आठवेना, म्हणून गोठ्याकडे गेली.

जगदेवराव कोशाच्या, त्यांच्या म्हाताऱ्या बैलाच्या, झुलीला आरसे टाचत होते. चष्मा नाकावर घसरलेला, सुईत दोरा लांबच लांब. कोसा बसलेला होता. हल्ली एकदा बसला की उठायला फार वेळ लावायचा.

"अकरा वर्ष कोऱ्या अंगानं राबला हा," ते वर न बघता म्हणाले. "यंदा तोरनाखाली उभा करतो त्याले. मंग मेला त मेला."

या माणसानं अकरा वर्षांत पोळ्याचं नाव काढलं नव्हतं. त्याचंही त्या दिवशी काही गेलं होतं, हे मला दिसलंच नाही का? की दिसलं आणि मी तिकडे पाठ करून बसले, मागच्या ओट्यावर?

"ऐकता का," ती म्हणाली.

"हं?"

"काई नाई. दोरा लहान घ्या, गुंता होते."

दिवस कलला. उपास सोडायला भात-वरण झालं होतं, पण जीव टांगणीला, घास कुणाच्या तोंडात जाणार. हरीओम फोन हातात घेऊन ओसरीत आला, जगदेवराव हात धुऊन दाराशी टेकले. वैजयंती भिंतीला पाठ लावून बसली होती. तिनं कस्तुराबाईचा हात धरून स्वतःच्या पोटावर, अगदी वर, फासळ्यांखाली ठेवला.

"हे पाहा, डोकं."

टणक, वाटोळं, तळहातात मावेल एवढं. हाताखाली ते जरासं सरकलं. या बिचाऱ्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. कुणाचा सण जुळवायचा आहे, कुणाचा दिवस हिसकावला जाणार आहे... आणि मी याच्यावर इतके दिवस डूख धरून बसले होते. लाज वाटली. कुणी बघितलं नसलं तरी खूप लाज वाटली.

"एक बरं हाय," हरीओम डॉक्टरीणबाईंचा नंबर शोधत म्हणाला. "याची जन्मतारीख तरी खरी राहीन. माही न दादाची मास्तरनं दोघाइचीबी एक जुलै टाकली."

वैजयंती हसली. "मंग तुमची खरी कोन्ती?"

"तारीख कोनाले माहीत. पन मी महालक्ष्म्याच्या जेवनाच्या दिवशी झालो. पंगतीले भात वाढता वाढता आईच्या पोटात दुखलं, हाव न आई? दरसाली सांगते ते."

"आन पवन भाऊजी?"

साधा प्रश्न होता. कस्तुराबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिनं जगदेवरावांकडे बघितलं. ते तिच्याकडेच बघत होते, तीच सांगेल म्हणून.

"कोनताच सन नोता," ते शेवटी म्हणाले. "सादा दिवस होता. तुलेच माहीत असन."

माहीत असायला हवं होतं. गेल्याचं सगळं माहीत होतं, चार वाजून वीस मिनिटं, गाडीचा रंग, ढोलाचं पहिलं टिपरू. अकरा वर्षं तो दिवस मुठीत आवळून धरला आणि ज्या दिवशी तो माझ्या पोटातून बाहेर आला तो दिवस? दरसाल येत असणार. दरसाल या दारावरून जात असणार आणि मी ज्वारी पाखडत असेन, कुणाला तरी ओरडत असेन. एकदाही त्याच्यासाठी गोड केलं नाही, जिवंत होता तेव्हासुद्धा.

"आई, लागला फोन," हरीओम कुजबुजला. "काय सांगू? बुधवार का शुक्रवार?"

फोनमध्ये बाईंचा आवाज हॅलो, हॅलो म्हणत होता, तिला ऐकू येत होतं, सगळे तिच्याकडे बघत होते तेही दिसत होतं. हात अजून त्या छोट्या डोक्यावर होता. आत्ता सांगते रे, एक क्षण थांबा, मला पवनचा दिवस आठवू द्या, तो सापडला की पोळा देऊन टाकते... सकाळ होती. उन्हं ओसरीपर्यंत आली होती. सुईण म्हणाली होती, पोरगा हाय, आणि मी हसले होते, दुखत असूनही हसले होते, हे आठवतंय. बाहेर तुरीच्या शेंगा वाळत घातल्या होत्या का? की ते हरीओमच्या पाचवीचं? नाही, हरीओम भादव्यातला. मग थंडी होती. बाळाला गुंडाळायला धडुतं पुरेना म्हणून यांनी डोक्याचा रुमाल सोडून दिला होता, म्हणजे थंडी होती, थंडी नक्की होती.