चांदीची बादली आणि साहेबांचा पाय

मी बादली बोलतेय. बादली म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका, न्हाणीघरातली नाही मी. चांदीची आहे, वरपासून खालपर्यंत चांदीची, आणि हे पहिल्या दमात सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. खोड आहे, काय करणार. आता पुष्कळ कमी झालीय, पूर्वी तर विचारूच नका.

माझा जन्म एका चांदीकाम करणाऱ्याच्या दुकानात झाला. म्हातारा मला मांडीवर घेऊन ठोकायचा, चार ठोके दिले की लांब धरून बघायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "वा." दिवसभर कुणी तुमच्याकडे बघून वा म्हणायला लागलं तर तुमचंही डोकं ठिकाणावर राहणार नाही. एका मोठ्या हॉटेलसाठी मी घडत होते. माझ्यात बर्फ भरायचा आणि त्या बर्फात महागड्या पेयाची बाटली उभी करायची, एवढंच माझं काम. बर्फ लवकर वितळू नये म्हणून पोट गरगरीत ठेवलेलं आणि गळा अरुंद. पुढचा सगळा घोटाळा या गळ्यानं केला.

मी तयार झाले आणि हॉटेलवाल्यांनी निरोप धाडला की आम्ही स्टीलच्या घेतल्या, तुमची नको. त्यानंतर दोन वर्षं मी काचेच्या कपाटात रुसून बसले होते.

मग एक दिवस साहेब आले. त्यांचा गाद्यांचा कारखाना. लोक त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ वळली की गादीसाहेब. त्यांच्या चर्चमध्ये वर्षातून एका गुरुवारी पाळक बारा जणांचे पाय धुतात. प्रभूने शिष्यांपुढे गुडघे टेकून त्यांचे पाय धुतले होते ना, त्याची ती आठवण. त्यासाठी साहेबांना एखादं भारीतलं भांडं अर्पण करायचं होतं. पण त्या चकचकीत दुकानात 'पाय धुवायला हवंय' असं म्हणायची त्यांना लाज वाटली. ते म्हणाले, "एका धार्मिक कामासाठी हवंय. पाणी राहतं ना यात?"

"राहतं की," म्हातारा म्हणाला. पाणी कशाला हवंय, हे त्यानं विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

साहेबांनी माझ्या पोटावर अक्षरं कोरून घेतली. 'नम्रतापूर्वक अर्पण' हे बारीक अक्षरांत, आणि त्याखाली स्वतःचं नाव बोटभर उंचीचं. नीट उठून दिसत नाही म्हणून ते आणखी दोनदा खोल करून घेतलं. मला काय, मला गुदगुल्याच होत होत्या.

चर्चमध्ये पाळकांनी मला हातात घेतलं, आत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा जरा पडला. गळा त्यांच्या लक्षात आला होता, मी शपथेवर सांगते. पण त्या भल्या माणसाला 'नको' हा शब्द उच्चारता येत नसे. साहेबांनी पहिल्या बाकाला गादी बसवून दिली, तीही फक्त पहिल्याच बाकाला, तेव्हासुद्धा पाळक असेच कसंनुसं हसून आभार मानते झाले होते.

माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. तिथं इनॅमलचं एक जुनं घमेलं होतं, कडेला टवके उडालेलं. इतकी वर्षं पाय धुवायचं काम तेच करत आलं होतं. मला बघून म्हणालं, "तोंड जरा लहान आहे गं तुझं." मला वाटलं कौतुकच करतंय. मी मुरडून म्हटलं, "नाजूक आहे."

त्याच खोलीत ताई इस्त्री करायच्या. वेदीवरचे कपडे, गाणाऱ्यांचे झगे, सगळं त्यांच्याच हातून जायचं. चर्चमध्ये त्या शेवटच्या बाकावर बसत. त्या साहेबांच्या सख्ख्या बहीण आहेत, हे मला घंटावाल्या काकांमुळे कळलं. काका घंटा वाजवायचे आणि उरलेल्या वेळात बोलायचे.

"भावानं काय दिलंय बघितलं का? चांदीची आहे," काका म्हणाले.

"बघितली," ताई म्हणाल्या. इस्त्री थांबली नाही.

"सहा वर्षं झाली. बोलणार नाहीस का त्याच्याशी?"

"तो बोलला की बोलेन. काय बोलायचं ते त्याला ठाऊक आहे."

झालं होतं ते असं. आईवडील लवकर गेले. ताईंनी लोकांचे कपडे इस्त्री करून करून भावाला वाढवलं, शिकवलं, पहिल्या गादीची खोळसुद्धा यांनीच शिवली. पुढं साहेबांनी मोठं दुकान थाटलं. उद्घाटनाला बडे बडे पाहुणे आले. ताईही आल्या, आपल्या साध्या कपड्यांत, हातात घरी केलेला केक. कुणीतरी विचारलं, या कोण? आणि साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्याकडे कामाला असतात." ताईंनी केक टेबलावर ठेवला आणि त्या घरी गेल्या. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही.

तुम्ही म्हणाल, काय हा दगड माणूस. पण त्या गुरुवारी संध्याकाळी साहेब सगळ्यांच्या आधी येऊन पोचले आणि पाळकांना म्हणाले, "तिची खुर्ची कुठली? तिथून ही बादली दिसेल ना?" बारा जणांच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या, त्यात ताईंचं नाव निघालं होतं. खुर्ची बारावी. साहेबांची चिठ्ठी निघालीच नव्हती, पण भांडं त्यांचं म्हणून एकाला उठवून त्यांना पहिली खुर्ची दिलेली. तेव्हा मला कळलं की हा सगळा चांदीचा थाट एका माणसासाठी चाललाय. तोंडानं म्हणता येत नव्हतं, म्हणून मला पुढं केलेलं. मला जरा भरून आलं, आणि जरा फुशारकीही वाटली.

गाणं सुरू झालं. पाळक गुडघ्यांवर बसले, माझ्यात कोमट पाणी ओतलं. फोटोवाला सरसावला. साहेबांनी मोजा काढला आणि पाय पुढं केला.

पाय कसला, पाव होता तो. चार बोटं आत आली आणि गाडी अडली. पाळक हळूच म्हणाले, "साहेब, आपण वरूनच पाणी..." पण फोटोवाला थांबला होता. साहेबांनी बोटं निमुळती केली, दात आवळले आणि खुर्चीवरून जोर लावला. पच्च असा आवाज झाला, निम्मं पाणी पाळकांच्या झग्यावर उडालं आणि टाचेसकट अख्खा पाय माझ्या पोटात. आत आल्यावर पसरला की तो ऐसपैस. असं काही माझ्यात याआधी कधी गेलं नव्हतं, मी तर हसून हसून बेजार झाले.

फोटो छान आला म्हणतात. पाय मात्र बाहेर येईना.

पाळकांनी मला ओढलं, मागून काकांनी साहेबांना ओढलं, खुर्ची उलटली आणि साहेब जमिनीवर उताणे, मी वर हवेत. गाणाऱ्यांना थांबा असं कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते तेच गाणं चौथ्यांदा म्हणत होते. पुढच्या बाकावरच्या बायकांनी तोंडाला रुमाल लावले. पाळकांनी डोळे मिटले आणि कळवळून म्हणाले, "हे प्रभू, आम्हाला शहाणपण दे."

बाराव्या खुर्चीवरून ताई अनवाणी उठून आल्या. "शहाणपण येईतोवर साबण आणा," त्या म्हणाल्या.

साबण आला. पाय आत गरागरा फिरायला लागला, पण बाहेर यायचं नाव नाही. एव्हाना घोटा सुजला होता. साहेबांचा चेहरा पांढरा पडला, बोटांना मुंग्या येतायत म्हणाले, मग म्हणाले बोटंच कळत नाहीत. आता कुणी हसत नव्हतं. सातव्या खुर्चीवर नळवाला होता, तो धावत जाऊन आपल्या गाडीतून पत्रा कापायची कात्री घेऊन आला.

"कापू नका," साहेब ओरडले. "चांदी आहे."

ताई त्यांच्या डोक्याशी बसल्या होत्या. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भावाला प्रश्न विचारला. "पाय कुणाचा आहे?"

"माझा."

"मग?"

आणि तेवढ्यात आमचे पाळक, ओल्या झग्यात, म्हणाले, "साहेब, मला ही बादली नको. मी त्याच दिवशी म्हणायला हवं होतं. चूक माझी आहे." असा शब्द त्यांच्या तोंडून निघाल्यावर काकांनी चक्क चष्मा पुसला.

नळवाला कात्री धरून उभा. "कुठून कापू?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या नजरेसमोर होते, त्यांच्याच पायाच्या टोकाला. मग म्हणाले, "नावावरून काप. कोरून कोरून पातळ झालंय तिथं."

दुखलं हो. खोटं कशाला बोलू, जीव गेला माझा. गळ्यापासून खाली नावाच्या मधोमध कात्री चालली आणि मी उघडले. पाय बाहेर आला, लाल, सुरकुतलेला, साबणानं माखलेला. ताई मागच्या खोलीत गेल्या, ते टवके उडालेलं घमेलं घेऊन आल्या आणि भावाच्या पायावर पाणी घालायला खाली वाकल्या.

साहेबांनी त्यांचा हात धरला. "ताई, तू बस."

पहिली खुर्ची सरळ करून त्यांनी ताईंना बसवलं. स्वतः गुडघ्यांवर यायला त्यांना किती कष्ट पडले, काय सांगू, पोट मध्ये येत होतं आणि घोटा टेकववत नव्हता. त्यांनी ताईंचे पाय घमेल्यात घेतले. दिवसभर उभं राहून राहून टाचांना भेगा पडलेल्या. ते मान खाली घालून इतकं हळू बोलले की मला जेमतेम ऐकू आलं. "ताई, मी चुकलो. तू माझी बहीण आहेस."

ताईंचे डोळे वाहत होते, पण आवाज इस्त्रीसारखा सरळ होता. "मोठ्यानं म्हण. त्या दिवशी मोठ्यानं म्हणाला होतास."

आणि साहेबांनी मोठ्यानं म्हटलं. शेवटच्या बाकापर्यंत गेलं ते. "ही माझी बहीण आहे. हिनं मला वाढवलं. मी ते लपवलं." मग ते लहान मुलासारखे रडले, ताईंनी ओल्या पायांनीच उठून त्यांना जवळ घेतलं, आणि गाणाऱ्यांना एवढं सुचलं की थांबावं.

आता मी चर्चच्या दारात असते. पाणी काही राहत नाही माझ्यात, म्हणून लोक ओल्या छत्र्या ठेवतात. चिरेतून निथळून जातं सगळं. फाटक्या छत्र्या, दांडा तुटलेल्या, एखादी रेशमी, सगळ्यांचं पाणी माझ्या पोटातून जातं आणि मला अजूनही गुदगुल्या होतात. साहेब सध्या मागच्या बाकावर ताईंशेजारी बसतात, नुसत्या लाकडावर, सारखे चुळबुळत. परवा म्हणाले, इथंही गादी घालतो. ताई म्हणाल्या, आधी मधल्या बाकांना घाल, आपलं शेवटी बघू.

बरं, आत प्रार्थना सुरू होतेय, तुम्हाला अडवत नाही. माझी एकच विनंती आहे. तुम्हाला कुणाला काही सांगायचं राहून गेलं असेल तर भेटवस्तू आणायला दुकानात जाऊ नका. आम्ही भांडी चांदीची असलो तरी तुमच्या वतीनं आम्हाला बोलता येत नाही. छत्री द्या इकडं, आणि जा, ते माणूस तुमची वाट बघत असेल.