जळायचा राहून गेलेला पुतळा

मी पुतळा बोलतोय. चौकात हात वर करून उभा असतो तो नव्हे. त्याला हार मिळतात. मी जाळायचा पुतळा. आमच्यासारख्यांचं आयुष्य सकाळी अकराला सुरू होतं आणि पेपरवाल्यांचे फोटो काढून झाले की संपतं. मी मात्र दीड वर्ष टिकलोय, आणि तेही दुसऱ्याच्या शर्टात.

माझा जन्म एका मांडववाल्याच्या गोदामात झाला. शहरातल्या सगळ्या पक्षांचे पुतळे तोच करायचा. कुणाचा पुतळा, हे तो कधी विचारायचा नाही. "पोट किती ठेवू?" एवढंच विचारायचा. मी गटारांच्या कचेरीतल्या साहेबांचा होणार होतो, म्हणून त्यानं मला पोट जरा हात सैल सोडून दिलं. आत पेंढा, मधे बांबू, वर मडक्याचं डोकं. गळ्यात पाटी: 'झोपलेले साहेब'. मडक्यावर त्यानं डोळे मात्र टक्क उघडे काढले. मिटलेले डोळे काढायला त्याला जमत नसे.

कारण असं घडलं होतं. एका गल्लीच्या तोंडाशी गटाराचं झाकण ट्रकखाली फुटलं. तुकडे उचलून नेले, नवीन झाकण आलंच नाही. चार महिने ते भोक तसंच आ वासून होतं. गल्लीचा पोस्टमन रोज ते चुकवून जायचा आणि दुसऱ्यांनाही सांगायचा, "जरा डावीकडून, बरं का." मग एका दुपारी रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं. समोरून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन एक बाई येत होत्या. त्यांना वाट द्यायला पोस्टमन एक पाऊल बाजूला झाला. तो दोन तासांनी सापडला, पुढच्या गल्लीत.

महिन्याभरानं गल्लीच्या समितीनं ठरवलं, साहेबांचा पुतळा जाळायचा. त्यासाठी घरोघर जुने कपडे मागितले. पोस्टमनच्या घरी त्याची बायको शिवणकामाच्या कारखान्यात गेलेली होती. घरात म्हातारी आई एकटीच होती, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं जुन्या कपड्यांचं म्हणून जे गाठोडं उचलून दिलं, ते तिच्या मुलाचं होतं.

मांडववाल्यानं शर्ट माझ्या अंगात चढवला आणि मला कसंतरीच झालं. उजवा खांदा आपोआप खाली झुकला. वीस वर्षं त्या खांद्यावर पत्रांची पिशवी असायची. मांडववाल्यानं तो दोनदा सरळ केला, मग वैतागून म्हणाला, "राहू दे, कुबडा साहेब."

सकाळी अकराला मला गल्लीच्या नाक्यावर उभं केलं. माणसं बरीच जमली होती. समितीचे अध्यक्ष भाषण करायला उतावीळ होते. आधी जोडे मारायचा कार्यक्रम झाला. दूधवाला, शाळेचे मास्तर, इस्त्रीवाला, पिशव्यावाल्या बाई, सगळ्यांनी हात धुऊन घेतले. मला दुखत नव्हतं. पण शर्टाच्या आत कुणीतरी अंग चोरत होतं, आणि तो मी नव्हतो.

मग अध्यक्षांनी जाहीर केलं, "आता आपल्या वहिनींच्या हस्ते दहन!" उद्घाटनाला म्हणतात तसंच म्हणाले ते. पोस्टमनच्या बायकोच्या हातात पेटती काडी दिली. ती दोन पावलं पुढे आली आणि थांबली. माझ्या गळ्याकडे बघत राहिली. कॉलर झिजली तेव्हा तिनंच ती उसवून, उलटी करून, पुन्हा शिवली होती. आपला टाका कुणाला ओळखू येत नाही?

तिनं फुंकर मारून काडी विझवली.

"हा ह्यांचा शर्ट आहे," ती म्हणाली.

अध्यक्ष तिच्या कानाशी वाकले. "वहिनी, चूक झाली खरी. पण फोटोवाले खोळंबलेत. शर्ट काढून घेऊ आणि पेटवू, काय?"

"आणि आत्ता सगळ्यांनी मिळून जोडे मारलेत, ते कुणाला?"

इस्त्रीवाल्यानं हातातली चप्पल हळूच खाली टाकून पायात सरकवली. पिशव्यावाल्या बाई तर रडायलाच लागल्या. फोटोवाल्यानं कॅमेरा बंद केला. विझलेल्या काडीचा फोटो छापून कोण घेणार होतं?

तिनं मला बांबूसकट उचललं आणि घराकडे निघाली. मी पोटानं जड. भोकापाशी तिचे हात भरून आले, म्हणून तिनं मला क्षणभर तिथं टेकवलं. तेवढ्यात एक सायकलवाला भरधाव आला, मला पाहून दचकला आणि वळसा घालून गेला. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग घरून सुतळी आणली आणि मला तिथल्याच खांबाला घट्ट बांधून टाकलं.

अशी माझी नोकरी सुरू झाली. माझ्याइतकं उपयोगी पडलेला पुतळा माझ्या तरी ऐकिवात नाही. पण सुखाचं म्हणाल तर ते नव्हतं. भोकात खाली पाणी सतत चालू असायचं, आणि त्या आवाजानं शर्ट अस्वस्थ व्हायचा. वारा कुठूनही येवो, उजवी बाही भोकाकडेच ओढ घ्यायची. गळ्यात मारणाऱ्याचं नाव, अंगात मेलेल्याचा शर्ट, आणि दोघांच्या मधे मी नुसता पेंढा. कधी कधी मला वाटायचं, आता हा माझ्या तोंडून म्हणेल, "जरा डावीकडून, बरं का." मला भीती वाटायची. पुतळ्याला भीती कशी वाटेल, असं म्हणू नका. मी तिथं होतो, तुम्ही नव्हता.

म्हातारी रोज दुपारी भिंत चाचपत यायची. माझी बाही हातात धरून उभी राहायची. "जेवलास का रे?" एवढंच विचारायची, आणि उत्तराची वाट न बघता परत जायची.

वर्ष गेलं. गल्लीला माझी सवय झाली. अध्यक्ष दुसऱ्या कुठल्या प्रश्नाकडे वळले. मग एक दिवस कचेरीतला कारकून वही घेऊन आला. त्यानं भोक पाहिलं, मला पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणत म्हणत वहीत लिहिलं, "वर्षभरात अपघात शून्य. धोक्याची सूचना देणारी व्यवस्था जागेवर आहे. तक्रार निकाली."

पोस्टमनची बायको कारखान्यात जायला निघाली होती. तिनं ऐकलं.

"म्हणजे झाकण नाही येणार?"

"बाई, कुणी पडतच नाही तर झाकण कशाला?" कारकून म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्याला ते खरंच पटलं होतं.

माझ्या पेंढ्यात गारठा भरला. मी इतके दिवस लोकांना वाचवत होतो, आणि भोकालाही वाचवत होतो!

तिनं डबा खाली ठेवला. सुतळी सोडली, मला घरात नेऊन म्हातारीशेजारी बसवलं, आणि परत जाऊन माझ्या जागी स्वतः उभी राहिली. दारातून मला सगळं दिसत होतं.

अध्यक्ष धावत आले. "वहिनी, धरणं आहे की उपोषण? बोर्ड लिहून आणू का?"

"बोर्ड नको. भोक आहे, कुणी पडू नये म्हणून उभी आहे. तुम्हाला वेळ असेल तर पलीकडच्या बाजूला उभे राहा."

अध्यक्षांना वेळ नव्हता. पण तासाभरानं इस्त्रीवाला आला आणि पलीकडे उभा राहिला. मग मास्तर, दूधवाला. पिशव्यावाल्या बाई घरून स्टूल घेऊनच आल्या. मी मोजत नव्हतो, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आधी आले ते सगळे मला जोडे मारणारे होते. त्यामुळे ती सकाळ अगदीच वाया गेली, असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. कुणाच्या मनात काय रुतून बसतं, हे पेंढ्याला काय कळणार?

घोषणा नाहीत, झेंडा नाही. नुसती माणसं भोकाभोवती पाळीपाळीनं उभी. पण रस्ताच अडला. मालाचे ट्रक अडले, पाण्याचा टँकर अडला, तिसऱ्या दिवशी खुद्द साहेबांची जीप अडली. साहेब खाली उतरले. त्यांना पोट अजिबात नव्हतं. चांगला सडपातळ माणूस निघाला. भोकात वाकून बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. चौथ्या दिवशी झाकण आलं.

गल्लीत पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. सगळ्यांनी झाकणावर उभं राहून पाहिलं. पोस्टमनच्या बायकोनं एक पाय ठेवला. दुसरा तिला उचलवेना. ती मागे आली आणि वळसा घालून घरात गेली.

आता मी म्हातारीच्या खाटेशेजारी असतो. पोट बसलंय, मडक्याला चीर गेलीय. सुनेनं एकदा म्हटलं, "आई, पेंढा आहे हो तो. शर्ट काढून ठेवू, बाकीचं टाकून देऊ."

"पेंढा आहे हे मला कळत नाही होय?" म्हातारी म्हणाली. "डोळे गेलेत माझे, अक्कल नाही गेली. असू दे."

काल पलीकडच्या वस्तीतून चार माणसं आली. त्यांच्याकडेही एक भोक उघडं आहे, परवा एक पोरगी थोडक्यात वाचली. ते म्हणाले, "ताई, तुमचा तो पुतळा द्या ना आठवडाभर. त्याच्यामुळेच तुमचं झाकण आलं म्हणतात. फार गुणाचा आहे."

मला ओरडावंसं वाटलं. अहो, मी काही नाही केलं! मला नेलंत तर मी तुमच्याकडेही वर्षभर उभा राहीन, कुणी पडणार नाही, आणि तुमचंही भोक तसंच राहील. मला नेऊ नका. तुम्हाला पाय आहेत, मला बांबू आहे. पण माझं तोंड रंगवलेलं, त्यातून आवाज कसा फुटणार?

तिनं माझ्याकडे पाहिलं. शर्टाकडे पाहिलं म्हणा हवं तर. मग कारखान्याला जायचा डबा तसाच फळीवर ठेवून दिला आणि पायात चपला घातल्या.

"पुतळा राहू दे," ती त्या माणसांना म्हणाली. "मी येते."