सहा पाउंड हवा

"इंजिन पेट्रोल खातं, पण जगतं हवेवर. आणि डोंगरात हवा विरळ. मग टर्बो काय करतो, आश्लेषा? लोहाराचा भाता पाहिलायस ना? तसा तो हवा कोंबतो. किती कोंबायची ते हा नॉब ठरवतो. त्याला म्हणायचं बूस्ट."

लग्न होऊन परदेशात, नोव्हायच्या या घरात आल्यावरचा पहिला हिवाळा होता तो. गॅरेजमध्ये देवांगच्या स्नोमोबिलच्या, बर्फावर पळणाऱ्या गाडीच्या, हँडलवरचा सुपारीएवढा नॉब फिरवत चंद्रशेखर सुनेला शिकवत होते. मागे देवांग हसत होता.

"बाबा, फार्मसिस्ट आहे ती. तिला डोस कळतो."

"मग तुझ्याआधी शिकेल."

किती भरदार होता तो आवाज! तीस वर्षं मोटारींचे टर्बो तपासलेल्या माणसाचा आवाज, कुठेही न अडखळणारा. आता त्याच गॅरेजमध्ये तेच बाबा उभे होते, नवी बॅटरी छातीशी धरून, आणि त्यांना एवढंच विचारायला दोनदा घसा खाकरावा लागला, "गाडी घेणारी ती मुलगी किती वाजता येणार म्हणाली?"

"निघालीय ॲन आर्बरहून. येईलच."

बाहेर या वर्षीचा पहिला बर्फ पडून गेला होता. देवांग गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. गेल्या फेब्रुवारीत माँटानाच्या डोंगरात उतारावरचा बर्फ सुटला आणि तो त्याखाली राहिला. गाडी बाजूला फेकली गेली होती. बर्फ वितळल्यावर मित्रांनी ती घरी पोचवली. एक आरसा तुटलेला, बाकी धड. तेव्हापासून तिला कुणी किल्ली लावली नव्हती.

या घरात 'जाऊ नकोस' असं कुणी कुणाला म्हणत नसे. सासूबाई होत्या तेव्हा त्या पोळ्या लाटता लाटता ओवी जुळवायच्या :

पांढऱ्या गं रानी, बाळाची गाडी धावे
मागं अनवाणी, जीव माझा

आणि बाबा? बाबा गॅरेजमध्ये जायचे. मुलगा डोंगराकडे निघाला की आदल्या दिवशी गाडीचं सगळं तपासायचे आणि कुणालाही न विचारता बूस्टला पासवर्डचं कुलूप लावायचे. नॉब कितीही फिरवला तरी दाब सहा पाउंडांच्या वर जायचा नाही. साधं पेट्रोल, सहा पाउंड, इंजिन सुखरूप, मुलगा सुखरूप. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं : जे तुटेल अशी भीती वाटते, त्यावरचा भार कमी करायचा. माया त्यांना अशीच करता यायची.

अंत्यविधीच्या दिवशी मराठी मंडळाचे लोक आले, तेव्हा ते प्रत्येकाला सांगत होते, "एक गोष्ट मात्र होती हो. मशीनच्या बाबतीत माझं ऐकायचा. मी सहावर ठेवलं की सहावर." त्या एका वाक्याला धरून ते उभे होते. आश्लेषाने पाहिलं आणि ओठांशी आलेलं गिळून टाकलं.

मग कधीतरी, पावसाळी एप्रिलमध्ये, तेच वाक्य त्यांच्या आत उलटं फिरलं. ते जेवायचे कमी झाले. रात्रीचा भात तसाच राहायचा. टीव्हीवर बर्फ दिसला की उठून जायचे. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण तिला दिसत होतं. मुलाने ऐकलं, गाडीला निसटायला जोर उरला नाही, म्हणूनच तो मेला, असं त्यांचं गणित सुटलं होतं.

गाडी विकायचं त्यांनीच ठरवलं. व्हॉट्सॲपवर टाकलं, 'मुलाची टर्बो स्नोमोबिल, एकाच मालकाने वापरलेली.' आणि बॅटरी आणली. ती जोडली की गाडीच्या हँडलजवळचा छोटा पडदा उजळेल. पडदा उजळला की सगळ्यात आधी शेवटचा ठेवलेला बूस्ट दिसेल. हे आश्लेषाला ठाऊक होतं. देवांगनेच एकदा दाखवलं होतं तिला.

ट्रेलर ओढत मोठा पिकअप दारात शिरला. प्रीता उतरली, बुटांचा बर्फ झटकत. लहान मुलांची दातांची डॉक्टर. जन्म इथलाच, मराठी आजीकडून शिकलेलं.

"हाय काका! हाय ताई! ओ माय गॉड, काय ब्युटी आहे ही! का विकताय?"

"आता कुणी चालवत नाही," बाबा म्हणाले.

प्रीताने गाडीभोवती फेरी मारली, वाकून टर्बो पाहिला, नॉबवर अंगठा ठेवला. "किती बूस्टवर चालवायचे?"

"सहा."

"सहा? काका, सीरियसली? डोंगरात सहा म्हणजे आजीची स्कूटर! मी तर साध्या पेट्रोलऐवजी रेस फ्युएल घालून दहा-बारावर टाकते. मुलाला इतकं घाबरट कसं काय बनवलंत यार?"

ती हसली. हसणं गॅरेजच्या पत्र्याला लागून परत आलं.

बाबांनी बॅटरी बाकावर ठेवली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग विचारलं, आणि विचारताना तिच्याकडे पाहिलं नाही.

"बेटा, तू डोंगरात जातेस. मला एक सांग. वरून बर्फ सुटला आणि गाडी दहावर असेल, तर माणूस निघू शकतो बाहेर?"

"चान्स तर वाढतो ना, काका. फुल थ्रॉटल, आडवं काढायचं, पळायचं. पॉवरच वाचवते तिथे."

"आणि सहावर?"

"सहावर..." प्रीता आता थांबली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग तुटलेल्या आरशाकडे, मग आश्लेषाकडे. आश्लेषाने नुसती मान हलवली. प्रीताचा चेहरा उतरला. "आय ॲम सो सॉरी. मला माहीत नव्हतं. काका, मी... मी जरा ट्रेलर बघून येते."

ती बाहेर गेली. दार अर्धं उघडं राहिलं, आणि गार हवा आत येत राहिली.

"चला, जोडून टाकू," बाबा म्हणाले. "चालू करून दाखवली पाहिजे तिला." त्यांनी पाना उचलला. तो नटावरून पुन्हा पुन्हा घसरत होता. त्या हातांनी कधी काय काय जुळवलं होतं. आज एक नट सापडेना.

आश्लेषा त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. इतके महिने ती स्वतःशी मापत आली होती. सांगितलं, तर ऐकणारा मुलगा जातो, बाबांकडे राहिलेलं तेवढंच. न सांगितलं, तर बाबा जातात, रोज थोडे थोडे, भाताच्या घासाघासाने. शिवाय दहावर होता म्हणूनच तो इतका उंच चढला, असंही मनात यायचं. औषधाचा डोस तिला कळतो म्हणे. हा कसा कळावा?

नट बसला. बाबांनी दुसरी तार हातात घेतली.

पडद्याने सांगण्याआधी माणसाने सांगावं. एवढं तरी.

तिने पुढे होऊन त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "बाबा, थांबा. तार नका लावू अजून."

"का गं?"

"आधी माझं ऐका. त्याने कुलूप काढलं होतं."

"कधी?"

"निघाला त्याच सकाळी. पेट्रोल पंपावर. पासवर्ड आईंचा वाढदिवस, त्याला काय कठीण होतं? रेस फ्युएल भरलं आणि दहावर नेऊन ठेवलं. दर वेळी तेच करायचा, बाबा. तुम्ही सहावर ठेवायचात आणि तो पंपावर दहा करायचा, आणि घरी येताना परत सहा. मला म्हणायचा, बाबांना सांगू नकोस, त्यांना सुखाने झोपू दे. म्हणून मी नाही सांगितलं. तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, माझं ऐकायचा म्हणून. मी कशी सांगणार होते?"

तार त्यांच्या हातातून सुटली.

"त्याने तुमचं ऐकलं नव्हतं, बाबा. तो दहावरच होता. पूर्ण दहा. तरी नाही निघू शकला."