पुठ्ठ्याबाहेरचा फासा

वीस बाजूंचा फासा खाऱ्या पाण्यात तरंगतो तेव्हा जवळजवळ सगळा बुडालेला असतो. फक्त एक छोटा त्रिकोण पाण्याच्या वर राहतो आणि त्यावरचा आकडा वाचता येतो. फासा कुठल्या एका बाजूला जड असेल, तर बोटाने कितीही वेळा उलटवा, तो संथपणे फिरतो आणि तोच आकडा पुन्हा वर आणतो. हा निळा फासा तसं करत नव्हता. सात आला, मग एकोणीस, मग दोन, मग चौदा. आखातातल्या आमच्या शहरात, अल थुमामा भागातल्या माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी त्याला बराच वेळ ढकलत राहिले. मीठ कमी पडलं असेल म्हणून आणखी दोन चमचे घातलं. काही फरक नाही. फासा निर्दोष होता.

म्हणजे पंचाईत झाली.

फासा माझा नव्हता, उस्मानभाईंचा होता. दर शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही फरीज बिन ओमरान वस्तीतल्या त्यांच्या घरी खेळायला जमतो. खेळ सांगायला सोपा आहे. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपलं माणूस काय करतंय ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा सांगतो. आकडा मोठा आला की जमलं. उस्मानभाईंचा मुलगा जियाद शिकायला परदेशी गेला, जाताना खेळाची पुस्तकं आणि फासे एका खोक्यात मागे ठेवून गेला. खरेदी विभागात आयुष्य काढलेल्या उस्मानभाईंनी ते खोकं एकदा सहज उघडलं, आणि आता ते आमचे मास्तर आहेत. गोष्ट ते सांगतात. राक्षस, चोर, वारा, पाऊस, सगळं तेच.

खेळणारे तिघं. एक मी. माझं नाव नमिता, पाण्याच्या लॅबमध्ये काम करते. मिहीर, पुण्याचा इंजिनिअर, राहतो पर्ल बेटावर आणि दर शुक्रवारी इथल्या पार्किंगला शिव्या देत वर येतो. आणि अनीसाभाभी, उस्मानभाईंच्या बायको. एका शाळेत बालवाडीच्या मुलांना शिकवतात. मिहीरच्या चोराचं नाव टोळभैरव. माझी तिरंदाज आहे, तिला मी नाव द्यायचं विसरले, तेव्हापासून सगळे तिला 'ती' म्हणतात. भाभींची हकीमबी आहे, जखमा बऱ्या करणारी. ती भाभींनी निवडली नव्हती. उस्मानभाईंनीच निवडून दिली होती. "तू मागे थांब, सगळ्यांना बरं कर. मागे सेफ असतं."

आमची गोष्ट आता शेवटाला आली होती. समुद्राच्या तळाशी एक बुडालेलं गलबत, आणि त्यावर काळा नाखवा. जिवंतपणी मोती काढायला बुड्या मारणाऱ्यांना तो वर येऊ देत नसे, मेल्यावरही देत नाही. उस्मानभाई हर्णै बंदराचे, त्यामुळे नाखवा म्हटलं की त्यांचा आवाजच खाली उतरतो. दोन शुक्रवार आम्ही त्याच्याशी लढत होतो. नाखव्याने टोळभैरवाचा कान कापला, माझ्या तिरंदाजाचा खांदा फोडला. हकीमबीवर मात्र त्याची तलवार दर वेळी घसरत होती. खजुराच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करून उस्मानभाई त्याच्यामागे फासा टाकायचे, वाकून बघायचे आणि म्हणायचे, "चार. हुकला."

"भाभी," मिहीरने शेवटी विचारलं, "तुमची आणि नाखव्याची काही जुनी ओळख आहे का?"

"फासाच मेला वाईट हाय," उस्मानभाई म्हणाले. "नमिता, तू लॅबवाली ना गो? घेऊन जा आणि तपास."

मी घेऊन गेले. तपासायला सांगितलेली वस्तू मी तपासते.

पुढच्या शुक्रवारी मी जरा लवकर पोचले. उस्मानभाई सगळ्यांसाठी करक चहा आणायला खाली गेले होते. भाभी स्वयंपाकघरात सांदणं वाफेतून काढत होत्या.

"फासा चांगला आहे," मी म्हणाले.

भाभी हसल्या. "मला माहीत आहे."

"कसं?"

"खोटं बोलताना ते चष्मा पुसतात. मागच्या शुक्रवारी काच झिजायची बाकी होती." त्यांनी एक सांदण मोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. "लग्न झाल्यापासून असंच आहे, नमिता. गाडी मी शिकले, पण हायवेवर तेच चालवणार. बँकेत तेच जाणार. मला काही लागू नये म्हणून."

"शाळेला कळवलंत?"

हा प्रश्न मी दर आठवड्याला विचारत होते. जूनमध्ये उस्मानभाईंची नोकरी संपत होती. गावाला घर बांधून झालं होतं, फक्त रंग बाकी होता, आणि जाणं ठरलेलंच होतं. म्हणजे उस्मानभाईंनी ठरवलेलं होतं. मधेच शाळेने भाभींना बालवाडीची मुख्य व्हायला बोलावलं. व्हिसा शाळेचा, राहायला जागाही शाळेची. उस्मानभाईंचं उत्तर तयार होतं: "एकटी कशी राहशील गो? नाय कळवून टाक, उगाच लटकवू नको त्यांना." भाभींनी 'नाही'ही कळवलं नव्हतं आणि 'हो'ही. आता शाळेने रविवारपर्यंतच मुदत दिली होती.

"रोज बोलायला जाते," भाभी म्हणाल्या. "मी तोंड उघडलं की ते म्हणतात, तू काळजी करू नको, मी आहे ना. यावर काय बोलायचं? ते भांडले असते तर बरं झालं असतं."

"तुम्हाला काय हवंय?"

त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "मला राहायचंय. पण एकटीला जमेल की नाही, हे मलाही कुठं माहीत आहे? कधी करूनच बघितलं नाही."

तेवढ्यात दार वाजलं. उस्मानभाई कागदी कप सांभाळत आत आले, मागे मिहीर, तोंडात पार्किंगचं पुराण.

टेबल मांडलं, पुठ्ठा उभा राहिला. मिहीरने कप हातात घेतला आणि म्हणाला, "हं, लॅब. रिपोर्ट काय?"

मला खोटं बोलता येत नाही. गप्प राहता येतं, पण रिपोर्ट विचारल्यावर गप्प राहणं म्हणजेही रिपोर्टच. "फासा चांगला आहे," मी म्हणाले. "कुठल्याही बाजूला झुकत नाही."

उस्मानभाईंनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

मग भाभींनी हात लांब करून पुठ्ठा उचलला, घडी घातली आणि खुर्चीखाली ठेवला. "आज बाहेर टाका."

"अनीसा, अगो, मास्तरने आडून टाकायचा असा नियम असतो—"

"यल्ला, चला मास्तर," मिहीर म्हणाला.

फासा टेबलाच्या मधोमध आला. त्याआधीच्या कुठल्याही लढाईत मी पुढे झुकून बसले नव्हते. त्या दिवशी बसले. मिहीरनेही मोबाइल उलटा ठेवला. नाखवा तोच, गलबत तेच, पण आता उस्मानभाईंनाही आकडा आमच्याबरोबरच दिसणार होता.

नाखव्याने पहिला वार टोळभैरवावर केला. सतरा. टोळभैरव डोलकाठीवर आपटला आणि बेशुद्ध झाला.

"एक कान आधीच गेलाय माझा!" मिहीर ओरडला. "हा माणूस आहे की न्हावी?"

माझी तिरंदाज शिडाच्या वरच्या टोकाला चढून बसली होती. मी बाण मारला. नाखवा सरकला आणि बाण हुकला. त्याला एका जागी धरून ठेवल्याशिवाय तो मरणार नव्हता, हे तिघांनाही कळत होतं.

"हकीमबी," उस्मानभाई म्हणाले, "पिंपामागे आहे. ती टोळभैरवाला बरं करते, बरोबर?"

"नाही," भाभी म्हणाल्या. "हकीमबी पिंपामागून बाहेर येते."

"कशाला?"

"नांगराचा दोर घेते. नाखव्यासमोर जाते आणि दोर त्याच्या पायात अडकवते."

"अगो, समोर? तुझ्याकडे ढालसुद्धा नाय!"

"जमायला बारा तरी हवेत ना?" भाभींनी फासा उचलला, बोटांत फिरवला आणि टाकला. तेरा. मिहीरने टेबलावर थाप मारली, माझा करक कपाबाहेर सांडला.

दोर अडकला. नाखवा आता हलू शकत नव्हता. पण त्याची पाळी होती, आणि त्याच्या हातभर अंतरावर हकीमबी उभी होती.

उस्मानभाईंनी फासा घेतला खरा, पण टाकेनात. "नाखवा... वळतो. वर बघतो. तिरंदाजावर वार—"

"तिरंदाज शिडावर आहे," मी म्हणाले. "तलवार तिथपर्यंत पोचत नाही."

"मग टोळभैरव—"

"मी आधीच आडवा आहे, मास्तर."

उस्मानभाईंनी भाभींकडे बघितलं. भाभी हनुवटीखाली हात घेऊन बसल्या होत्या, गोष्ट ऐकायला बसावं तशा. "टाका," त्या म्हणाल्या. "मी समोर आहे. त्याने मलाच मारलं पाहिजे."

फासा टेबलभर घरंगळला, सांदणाच्या ताटलीला आपटला आणि थांबला. अठरा.

"थांब," उस्मानभाई घाईने म्हणाले, "तुझ्याकडे ताईत होता ना? तो त्या बंदरावर मिळालेला—"

"नव्हता."

"होता गो, तुला आठवत नाय—"

"मास्तर," मिहीर म्हणाला, "मागे माझा घोडा बुडाला तेव्हा हा ताईत कुठं होता?"

उस्मानभाईंनी चष्म्याला हात लावला, आणि भाभी बघताहेत हे लक्षात येऊन हात तसाच खाली आणला. एकदा घसा साफ केला. मग फार हळू आवाजात त्यांनी सांगितलं की नाखव्याची तलवार हकीमबीच्या बरगडीत शिरली, ती गुडघ्यावर आली, पण तिने हातातला दोर सोडला नाही. ते इतकं चांगलं सांगत होते की मला माझी पाळी आहे हेच कळलं नाही. मिहीरने कोपर मारल्यावर कळलं.

मी फासा टाकला. पंधरा. बांधलेल्या नाखव्याला सरकता आलं नाही.

बाण लागला, गलबत हललं, तळाशी अडकलेले सगळे पाणबुडे एकेक करून वर गेले. मिहीर खुर्चीवर उभा राहून ओरडला तेव्हा शेजाऱ्यांनी भिंतीवर थाप मारली. "शुक्रन!" भिंतीकडे बघून त्याने आभार मानले.

उस्मानभाई मात्र हलले नव्हते. "मेली गो तुझी हकीमबी," ते म्हणाले. "मला मारायची नव्हती."

"मला ठाऊक आहे." भाभींनी त्यांच्यापुढची ताटली जवळ ओढली आणि त्यातलं शेवटचं सांदण उचललं. "पण मजा आली. इतके शुक्रवार त्या पिंपामागे बसून पाय अवघडले होते तिचे."

"तुला भीती नाय वाटली?"

"वाटली की. तुम्ही फासा हातात धरून बसलात तेव्हा तर फारच." त्यांनी सांदण खाल्लं, चहाचा घोट घेतला आणि कप बघितला. "मेले मी. आणि करक अजून गरम आहे."

मिहीर हसला. मी हसले नाही, कारण भाभींनी कप खाली ठेवला होता आणि दोन्ही हात टेबलावर सपाट टेकवले होते, जिथे मघाशी पुठ्ठा होता तिथे.

"जियादचे अब्बा."

"तू काळजी करू नको," उस्मानभाई सवयीने म्हणाले, "मी आहे ना, पुढच्या गोष्टीत आपण हकीमबीला—"

"तुम्ही आहातच," भाभी म्हणाल्या. "आता माझं ऐका. जूनमध्ये तुम्ही गावाला जा, घराला हवा तो रंग द्या. मी रविवारी शाळेला हो सांगणार आहे. मी इथं राहणार."