सुताराचं बोट

मी पत्ती बोलतेय. चहाची नव्हे आणि दाढीचीही नव्हे. रंग कालवायची, लावायची आणि चुकला तर खरवडून काढायची वीतभर लांब, लवचिक पोलादी पत्ती. चित्रांच्या दुकानात माझ्या जातीला मोठं नाव आहे, पण माझा जन्म दुकानातला नाही. भोसरीच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडखाली, तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडपासून मला घडवलं. मागचा जन्म लोखंड कापण्यात गेला, या जन्मी संत रंगवते. याला बढती म्हणायचं की बदली, ते मला अजून कळलेलं नाही.

मला घडवणारे रहिमानभाई. दिघीच्या वाटेवर कॅथलिक सिस्टरांचं एक छोटं कॉन्व्हेंट आहे. त्याच्या फाटकाची बिजागरी तुटली, म्हणून सिस्टर मिनल त्यांच्या वर्कशॉपमध्ये आल्या होत्या. बिजागरीला वेल्डिंग होईपर्यंत त्यांनी भंगाराच्या डब्यात हात घातला आणि मला बाहेर काढलं.

"भाई, याची मला पत्ती करून द्याल? रंगाची."

रहिमानभाईंनी ग्राइंडरवर माझे दाते उडवले, टोक गोल केलं आणि जुन्या कानशीच्या मुठीत मला ठोकून बसवलं. सिस्टर माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या भाईंच्या डाव्या हाताकडे बघत होत्या. अंगठ्याशेजारचं बोट अर्ध्यातूनच संपलेलं होतं.

"पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेलं," भाई म्हणाले. बसमध्ये छत्री राहिल्याचं सांगावं, तसं. "बघताय काय सिस्टर? या पट्ट्यात दहाच्या दहा बोटंवाला माणूस शोधायला निघालात, तर चाकणपर्यंत चपला झिजतील."

"मला तुमचे हात काढायचेत. सेंट जोसेफचं चित्र करतेय. ते सुतार होते, मला कामाचे हात पाहिजेत."

"अहो, पण आम्ही मुसलमान."

"जोसेफ तरी कुठं कॅथलिक होते?" सिस्टर म्हणाल्या.

भाई इतके हसले की ग्राइंडर बंद करावा लागला.

कॉन्व्हेंटात आल्यावर मला तिथले दोन नियम कळले. पहिला, इथे कुणी 'माझं' म्हणत नाही. गरिबीचं व्रत असतं, त्यामुळे चष्म्यापासून चपलेपर्यंत सगळं 'आपलं'. मीही 'आपली पत्ती' झाले. दुसरा नियम घंटेचा. प्रार्थनेची घंटा झाली की हातातलं काम तिथल्या तिथे सोडायचं. रेघ अर्धी असेल तर अर्धी राहू द्यायची. सरकारी कचेरीतही घंटेला एवढा मान मी ऐकलेला नाही. तिथे फक्त शेवटच्या घंटेला असतो म्हणे.

सिस्टर मिनल मूळच्या नगरकडच्या, चित्रकलेची पदविका घेऊन कॉन्व्हेंटात आलेल्या. चित्र काढणं हीच आपली सेवा, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या कॉन्व्हेंटांवरच्या मोठ्या मदरना ते पटलेलं नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं, "एक वर्ष देते. एक मे रोजी कामगारांच्या संताचा, जोसेफचा, सण आहे, तेव्हा चित्र चॅपलमध्ये लागू दे. मग ठरवू. नाहीतर सोलापूरकडच्या वसतिगृहाला वॉर्डन हवीच आहे." तिथे गेल्यावर रंगाचं नाव घ्यायचं नाही, हे न बोलता कळण्यासारखं होतं.

ते वर्ष आम्ही कॉन्व्हेंटच्या शाळेच्या सामानाच्या खोलीत काढलं. आठ फुटी प्लायवर जोसेफ उभे राहिले. अंगावर मळका शर्ट, उजव्या हातात रंधा, डावा हात फळीवर दाबलेला. आणि त्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्ध्यातून संपलेलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चित्र चॅपलमध्ये आलं आणि चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी साहेबराव ते पाहायला आले. हे एका प्रेसशॉपमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त झाले तरी कुठलंही काम होताना मागे हात बांधून उभं राहायची सवय गेली नव्हती. ते चित्रापुढे उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सिस्टर, हे बोट?"

"नाहीये, साहेबराव."

"ते दिसतंय मला! अहो, संत आहेत ते! बिशप काय म्हणतील? सुतार कच्चा होता?"

"ज्यांची बोटं गेली ते सगळे कच्चे होते का?"

साहेबराव तडक घरी गेले. त्यांनी मदरना पत्र लिहिलं. पत्र लिहिण्यात कमिटीइतकी चपळाई मी ग्राइंडरच्या दगडातही पाहिलेली नाही.

तीस एप्रिलला सकाळी मदर आल्या. चित्रापुढे उभ्या राहिल्या. मी रंगाच्या पाटीवर पडून होते. मला त्यांच्या कमरेच्या जपमाळेचे मणी तेवढे ऐकू येत होते.

"मिनल, हे बोट तू देवासाठी कापलंस की स्वतःच्या नावासाठी?"

सिस्टरांनी आधी चित्रातल्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "खरं सांगू, मदर? कळत नाही. कधी वाटतं देवासाठी. कधी वाटतं, लोकांनी बघावं म्हणून."

"मग ज्याची खात्री नाही त्यासाठी मंडळीत भांडण नको. बोट पूर्ण कर. ही आज्ञा समज."

येत्या डिसेंबरमध्ये सिस्टरांना जन्मभरासाठीची अखेरची व्रतं घ्यायची होती. त्यातलं एक आज्ञापालनाचं. व्रत घेण्याआधीच ते मोडायचं, की वर्षभर पाहून-पाहून काढलेलं खरं स्वतःच्या हाताने खोटं करायचं? सिस्टरांनी मला पाटीवरून उचलून हातात घेतलं.

"हो, मदर," त्या म्हणाल्या. "पण बघितल्याशिवाय मला काढता येत नाही."

"मग ज्याचे हात काढलेस त्या माणसाला बोलाव. दुसऱ्या हाताला बोट असेल ना त्याच्या?"

रहिमानभाई वर्कशॉपच्या कपड्यांवरच आले. दारात चपला काढल्या, आत आले, आणि बाकाशेजारी हात मागे बांधून उभ्या असलेल्या माणसापुढे थांबले.

"सलाम, साहेब."

साहेबराव जमिनीकडे बघत होते.

"ओळखलं नाय? तीन नंबरची प्रेस. सेकंड शिफ्ट."

"ओळखलं."

मदर वळल्या. "तुम्ही ओळखता एकमेकांना?"

"साहेब आमचे सुपरवायझर की," भाई सरळ आवाजात म्हणाले. "प्रेसला सेन्सर असतो, मदर. हात आत असला तर प्रेस पडत नाही. पण त्यानं काम हळू होतं. त्या दिवशी माल न्यायला गाडी गेटवर उभी होती, तर साहेब म्हणाले, बंद कर तो सेन्सर आणि चालव."

"वरून प्रेशर होतं," साहेबराव पुटपुटले.

"होतंच की. माझ्या बोटावरही वरूनच आलं."

कुणी हसलं नाही. भाईसुद्धा नाही.

"रिपोर्टात काय लिहिलं होतं?" मदरनी विचारलं.

"कामगाराचा निष्काळजीपणा." साहेबरावांचा आवाज जेमतेम माझ्यापर्यंत पोचला.

"मग, साहेबराव? तक्रार तुमची आहे. अजून आहे का?"

मला वाटलं, आता साहेबरावांची गाठ सुटली. पण चाळीस वर्षं सुपरवायझरी केलेला माणूस एका प्रश्नात सुटत नसतो. साहेबरावांनी मान वर केली. "उद्या बिशप यायचेत. बोट पूर्ण दिसलं पाहिजे."

मदरनी सिस्टरांकडे बघून फक्त 'कर' अशी मान हलवली.

भाईंनी उजवा हात फळीवर ठेवल्यासारखा बाकावर दाबला. सिस्टरांनी पांढरा, गेरू आणि थोडासा हिरवा घेऊन माझ्या पात्याने मांसाचा रंग कालवला. मला घेऊन त्या चित्राजवळ गेल्या. भाईंच्या बोटाकडे बघत बघत त्यांनी मला टेकवलं. पेर झालं, नख झालं, नखाच्या कडेचा काळा तेलकट मळ झाला. इतकं चांगलं बोट त्यांनी वर्षभरात काढलं नव्हतं. खोटं काम एवढं सुबक व्हावं, याचं मला वाईट वाटलं.

शेवटचा हात फिरला आणि दुपारच्या प्रार्थनेची घंटा झाली. सिस्टरांनी मला न पुसताच पाटीवर ठेवलं आणि त्या निघून गेल्या. मदरही गेल्या; चॅपलमध्ये रंगाचा पसारा, म्हणून त्या दिवशी प्रार्थना शाळेच्या वर्गात होती. चॅपलमध्ये उरले दोघं.

भाई चित्राजवळ आले. पुढून बघितलं, बाजूनं बघितलं.

"छान झालंय, साहेब," ते म्हणाले. "अगदी असंच होतं."

साहेबरावांचे मागे बांधलेले हात सुटले, आणि त्यातल्या एकाने मला उचललं. रंग लावणाऱ्याची पकड मला ठाऊक आहे. ही तशी नव्हती. ते मला घेऊन चित्रापुढे गेले आणि माझं टोक त्या ओल्या बोटावर टेकवलं. पुढे मात्र सरेना.

"आडवी धरा," मागून भाई म्हणाले. "उभी धरलीत तर खालचं पण निघेल."

साहेबरावांनी मला आडवं धरलं. खालचा रंग महिन्याभरापूर्वीच वाळलेला होता; वरचं ताजं बोट तेवढं सोलून माझ्या पात्यावर आलं. आधी नख, मग पेर. खाली जुनं थोटूक जसंच्या तसं निघालं.

मदर आणि सिस्टर परत आल्या तेव्हा साहेबराव मला हातात धरून उभे होते. शर्टाच्या बाहीला मांसाचा रंग लागलेला.

"माझ्याकडून गेलं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, ते कळलं नाही. मग भाईंकडे वळून पुन्हा म्हणाले, "रहिमान, बोट माझ्याकडून गेलं."

भाईंनी मान हलवली. माफ केलं म्हणाले नाहीत, नाही केलं असंही म्हणाले नाहीत. "प्यायला पाणी आहे का, सिस्टर?" एवढंच म्हणाले.

सिस्टर पाणी आणायला धावल्या. मदर पुन्हा चित्रापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मिनलनं आज्ञा पाळली, मी साक्षीदार आहे," त्या म्हणाल्या. "साहेबराव संसारी आहेत, त्यांना माझी आज्ञा लागू नाही. सोलापूरला मी दुसरी वॉर्डन बघते."

दुसऱ्या दिवशी बिशप आले, चित्राला आशीर्वाद दिला. बोटाबद्दल काही बोलले नाहीत. जेवण मात्र छान झाल्याचं दोनदा म्हणाले.

आता माझी मूठ ढिली झालीय, पातं मधून झिजलंय. सामानाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. सिस्टरांची व्रतं झाली; नव्या चित्राला पुन्हा माझीच गरज पडते. माझी तक्रार नाही. फक्त तुम्ही प्रेसवर बसत असाल, किंवा प्रेसवर बसणाऱ्याच्या मागे हात बांधून उभे राहत असाल, तर गेटवरच्या गाडीला थोडं थांबू द्या आणि सेन्सर चालू आहे ना, ते बघा. चित्रं आम्ही काढू. बोटं मात्र आमच्याकडून होत नाहीत. एकदा केलं होतं. प्रार्थना संपेपर्यंतही टिकलं नाही.